घरातलं कॉकपिट

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-21 निवृत्त झालं. 1963 मध्ये आलेलं हे विमान हवाई दलात 62 वर्षं राहिलं. नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, अशी सहाशेहून जास्त विमानं तयार झाली. ती उडवणारे आम्ही लोक आता पुणे, नाशिक, बंगळूर, जयपूर असे विखुरलो आहोत. भारतात मिग-21च्या कॉकपिटमध्ये बसून ते सुरू करायचं, उडवायचं आणि धड उतरवायचं, तर आता संगणकाचा आधार घ्यावा लागतो. निवृत्तीनंतर मी जयपूरला स्थायिक झालो आणि या सिम्युलेटरांच्या नादी लागलो. हा नाद गंभीरपणे करण्यासारखा आहे, आणि जुन्या वैमानिकाने तो नवशिक्यासारखा पहिल्या धड्यापासून करावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

जमिनीवर बसून उडायला शिकणं ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाने 1929 मध्ये पहिलं चालतं यंत्र बनवलं. घरचा धंदा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा, त्यामुळे ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप त्याच्या हाताशी होते. त्यांवरच त्याने लाकडी कॉकपिट डोलवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसाठीच जास्त खपलं. 1934 मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम आलं आणि खराब हवेत, केवळ उपकरणांवर उडता न आल्याने अनेक जण मेले. तेव्हा लष्कराने लिंकची 6 यंत्रं विकत घेतली. आजच्या सगळ्या सिम्युलेटरांचा वंश तिथून सुरू होतो.

घरच्या संगणकावरची वास्तवदर्शी लढाऊ सिम्स 1990च्या दशकात वयात आली. 1995 मध्ये सुखोई-27वरचं ‘फ्लँकर’ आलं, 1998 मध्ये ‘फाल्कन 4.0’, 2001 मध्ये दुसऱ्या महायुद्धातलं ‘आयएल-2 स्टर्मोविक’. फ्लँकर बनवणाऱ्या ईगल डायनॅमिक्सने 2008 पासून ‘डीसीएस’ मालिका सुरू केली. तिच्यातलं ए-10सी हे विमान तर अमेरिकी नॅशनल गार्डसाठी बनवलेल्या प्रशिक्षण-सॉफ्टवेअरमधूनच उतरलं. त्याची पुस्तिका सहाशेहून जास्त पानांची आहे. 2014 मध्ये या मालिकेत मिग-21बिस आलं. फाल्कन 4.0 तर त्याच्या चाहत्यांनी ‘बीएमएस’ या नावाने अजून जिवंत ठेवलं आहे. मूळ खेळ विकत घेतलेला असला की ते फुकट मिळतं. लढाईचा आराखडा, रडार, साथीदारांशी समन्वय या बाबतींत मी आजही त्याला पहिला क्रमांक देईन. विमान या यंत्राची ओळख करून घ्यायची असेल तर डीसीएस.

मिग-21बिसचं उतरणं या सिममध्ये आवर्जून अनुभवावं. अंतिम टप्प्यात वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर, नाक उंच, समोरचं दिसणं तुटपुंजं. इंजिनातली दाबाची हवा फ्लॅपवरून फुंकून पंखाची उचल वाढवण्याची व्यवस्था या विमानात आहे. इंजिनाचे फेरे कमी झाले की ती फुंकर मंदावते आणि विमान दगडासारखं खाली बसतं. म्हणून चाकं टेकेपर्यंत थ्रॉटल पूर्ण मागे ओढायचा नाही. साधी प्रशिक्षण विमानं उडवून आलेला माणूस धावपट्टीच्या तोंडाशी सवयीने थ्रॉटल बंद करतो, आणि तिथेच आदळतो. हे सगळं सिममध्ये उतरलं आहे, हे पाहून मला त्या प्रोग्रामरांबद्दल आदर वाटला.

मग जुन्या वैमानिकाला अडचण कुठे येते? त्याचं ज्ञान जागेवर असतं, फसवतं ते शरीर. विमान ‘तुटायला’ लागलं, म्हणजे पंखांची उचल सुटू लागली, की पाठीला, बुडाला, काठीवरच्या हाताला थरथर कळायची; डोळे बाहेर असायचे. सिममध्ये हे सगळं गप्प. जमीन किती जवळ आली हे नजरेच्या कडेने कळायचं, ती कड पडद्याबाहेर गेलेली. म्हणून हात घाईने, जास्त हालतात आणि नाक वरखाली डोलू लागतं. त्यावर तोडगा म्हणजे पूर्वी ओझरतं बघायचो ती उपकरणं आता नेमाने वाचणं: अँगल ऑफ अटॅक (येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन), उभा वेग, इंजिनाचे फेरे. शिवाय टेबलावरची जॉयस्टिक आखूड असते. तेवढ्याच हालचालीत नियंत्रण पृष्ठं कितीतरी जास्त फिरतात. काठीला लांब दांडा जोडून ती गुडघ्यांच्या मध्ये बसवली आणि सेटिंगमध्ये काठीच्या प्रतिसादाचा वक्र थोडा सौम्य केला, की निम्मा त्रास संपतो.

आता बिघाडांकडे येतो, कारण नवे लोक उडण्यात कमी आणि यातच जास्त थकतात. विमान आपोआप एका बाजूला कलंडतं, ही नेहमीची तक्रार. विमानात दोष नसतो. नवीन पेडल किंवा थ्रॉटल जोडलं की सॉफ्टवेअर त्याच्या अक्षांनाही आपणहून कलण्याचं, नाक उचलण्याचं काम देऊन टाकतं आणि दोन यंत्रं एकमेकांशी झगडू लागतात. नियंत्रणांच्या तक्त्यात जाऊन नको ते खाने रिकामे करावेत. दुसरी तक्रार: ब्रेक लागत नाहीत. पेडलच्या टोकावरचे ब्रेक मिग-21ला नाहीतच. ब्रेकची मूठ काठीवर असते, हवेच्या दाबावर चालते आणि वळायचं ते पेडलने. तक्रार करण्याआधी पुस्तिका वाचली तर एक तास वाचतो. उडताउडता जॉयस्टिक मध्येच मरते, तेव्हा विंडोजने वीज वाचवण्यासाठी तो यूएसबी झोपवलेला असण्याची शक्यता मोठी. पॉवरच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद करावी. यूएसबीची जागा बदलली की कधीकधी सगळ्या बटणांची जुळणी हरवते, म्हणून प्रत्येक वायरला चिठ्ठी लावावी आणि जुळणीची प्रत बाजूला ठेवावी. नवं अपडेट आल्यावर चित्र अडखळू लागलं तर आधी बाहेरून टाकलेले बदल काढावेत, शेडरचा साठा पुसावा, मग सॉफ्टवेअरची दुरुस्ती चालवावी, आणि तरीही जमलं नाही तर लॉग फाइल उघडावी.

बिघाड शोधण्यात मात्र जुना वैमानिक सगळ्यांच्या पुढे असतो, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. हवाई दलात सॉर्टीवरून उतरलं की स्नॅग, म्हणजे बिघाड, फॉर्म 700मध्ये लिहायचा: काय झालं, कोणत्या उंचीला, कोणत्या वेगाला, पुन्हा झालं का. ‘विमान नीट चालत नाही’ असं लिहिलं तर तंत्रज्ञ वही परत करायचे. तीच शिस्त घरी ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा उडायचं, लिहायचं. सहा सेटिंगं एकदम बदलणाऱ्याला दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तो परत येतो.

जयपूरला काही स्नॅग इथले म्हणून येतात. मे-जूनची आंधी आली की बंद खोलीतही बारीक धूळ बसते आणि स्वस्त जॉयस्टिकमधल्या पोटेन्शिओमीटरची घासणारी पट्टी खरवडली जाते. काठी स्थिर असून पडद्यावर विमान उचक्या देतं. इथे तरी चुंबकीय हॉल सेन्सरची काठी घ्यावी. तिच्या सेन्सरमध्ये काही घासतच नाही. डोकं वळवलं की कॉकपिटमधली नजर वळावी म्हणून जो अवरक्त किरणांचा कॅमेरा लावतात, तो खिडकीतल्या उन्हाने वेडावतो. दुपारी पडदे ओढल्याशिवाय तो वापरता येत नाही. तापलेला संगणक आपणहून मंद होतो. आणि सरावाच्या मोहिमेत हवामान सौम्य ठेवलेलं असतं. तापमान 45 अंश करून उड्डाण घेतलं की धावपट्टी किती पुरते ते कळतं. राजस्थानातल्या तळांवर आम्ही उन्हाळ्यात तेच मोजत असू.

घासणाऱ्या भागांचा हा त्रास या गावाने तीनशे वर्षांपूर्वी ओळखला होता. ग्रहताऱ्यांचे वेध घेणारी पितळी उपकरणं लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि केंद्र सरकतं, हे कारण जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. म्हणूनच त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रं बांधली. इथल्या जंतरमंतर या वेधशाळेतलं सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. मोजमाप चुकलं तर आधी मोजणारी वस्तू तपासावी, ही वृत्ती इथल्या मातीत जुनी आहे.

आभासी वास्तवाच्या (व्हीआर) चष्म्याबद्दल थोडं सावधपणे. अंतराचा अंदाज त्यातच खरा येतो, फॉर्मेशन उडायला तो उत्तम. पण डोळे कलतात आणि कान कलत नाहीत, त्यामुळे मळमळतं. 1950च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर हा त्रास विद्यार्थ्यांपेक्षा प्रशिक्षकांना जास्त झाल्याचं आढळलं होतं, कारण अनुभवी शरीर हालचालीची वाट बघतं आणि ती येत नाही. दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी, पोटात ढवळलं की लगेच थांबावं.

एक उणीव मला खुपते. डीसीएसमध्ये कॉकेशस आहे, सीरिया आहे, सिनाई आहे, राजस्थान नाही. उत्तरलाईचा तळ नाही, नालचा तळ नाही. जयपूरवरून उडायचं तर मायक्रोसॉफ्टच्या नागरी सिममध्ये सांगानेरहून निघून आमेरकडे वळता येतं, पण तिथे मिगचं ते काटेकोर कॉकपिट मिळत नाही. नकाशा बनवणं मोठ्या कंपनीचं काम आहे. पुस्तिका लिहिणं मात्र आपल्या हातात आहे. ओझरला ज्यांनी ही विमानं जोडली आणि तळांवर ज्यांनी ती तपासली, ते मराठी तंत्रज्ञ अजून आहेत. प्रत्येक स्विच कशासाठी आणि तो कोणत्या क्रमाने का, हे त्यांच्याकडून ऐकून मराठीत उतरवायला हवं. मी उजव्या बाजूच्या पॅनेलपासून सुरुवात केली आहे: बॅटरी, इन्व्हर्टर, इंधनाचे पंप, मग इंजिन. ज्यांना पुढचं माहीत आहे त्यांनी लिहावं.