जुन्या नौका, नवे आरमार

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यानजीक, खाडीच्या काठावर भारतीय नौदलाची एक निवृत्त युद्धनौका विसावली आहे. ‘टी-८०’ हे तिचे नाव. इस्रायलच्या ‘रामता’ कंपनीने बांधलेली ही छोटी, वेगवान नौका १९९८ मध्ये नौदलात दाखल झाली. मुंबईच्या आणि महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तिने २३ वर्षे पहारा दिला आणि २०२१ मध्ये ती सेवामुक्त झाली. त्यानंतर कल्याण-डोंबिवलीच्या स्मार्ट सिटी योजनेतील नौदल संग्रहालयासाठी नौदलाने ती शहराच्या स्वाधीन केली आणि २०२४ मध्ये तिचे दुर्गाडीच्या परिसरात आगमन झाले.

या नौकेकडे पाहताना एक प्रश्न मनात येतो. तिजोरी लहान, किनारा लांब आणि शत्रू मात्र वाट पाहायला तयार नाही, अशा वेळी एखाद्या देशाने आपले नौदल उभे कसे करावे? नवी युद्धनौका बांधायची तर गोदी हवी, पोलाद हवे, आराखडे करणारे अभियंते हवेत आणि दहा-पंधरा वर्षांचा धीर हवा. म्हणूनच जगातील बहुतेक लहान नौदलांनी प्रथम दुसऱ्यांनी वापरलेल्या नौका घेतल्या. भारतानेही तोच मार्ग पत्करला. त्याने देशाला बरेच काही दिले आणि त्याची किंमतही वसूल केली.

खाडीतला पहिला धडा

लढाऊ सामर्थ्य बाहेरून मिळविण्याचा अनुभव कल्याणला नवा नाही. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली आणि पुढच्या दोन वर्षांत येथील खाडीकाठी लढाऊ नौकांची बांधणी सुरू झाली. महाराजांपुढे आव्हान होते जंजिऱ्याच्या सिद्दीचे. पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय पद्धतीच्या जहाजबांधणीत पोर्तुगीज वाकबगार होते. त्यामुळे रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा यांच्यासह अनेक पोर्तुगीज माणसे या कामावर ठेवण्यात आली.

वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना या हालचालींचा सुगावा लागला. आज सिद्दीविरुद्ध बांधली जाणारी गलबते उद्या आपल्यावरही चालून येतील, हे त्यांनी ओळखले. त्यांनी आपल्या माणसांना काम सोडण्यास भाग पाडले आणि व्हिएगस आपल्या सोबत्यांसह निघून गेला. काम मात्र थांबले नाही. स्थानिक सुतार, लोहार आणि दर्यावर्दी कोळी-भंडारी यांच्या हातून ते पुढे चालू राहिले. १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे होती.

परक्याची मदत त्याच्या मर्जीपर्यंतच टिकते आणि ती संपल्यावर आपल्या गोदीत जे कसब उरते तेच खरे आरमार, हा या घटनेचा अर्थ आहे. तीन शतकांनंतर स्वतंत्र भारताला हाच धडा पुन्हा गिरवावा लागला.

ब्रिटनच्या जुन्या नौका

फाळणीच्या वेळी नौदलाचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला आलेल्या नौका प्रामुख्याने लहान होत्या. त्यात एकही क्रूझर नव्हती. दुसरीकडे, महायुद्ध संपल्यामुळे ब्रिटनला आपल्या शेकडो युद्धनौका पोसणे जड जात होते. विकणाऱ्याची निकड आणि घेणाऱ्याची गरज यांची अशी गाठ पडली.

१९४८ मध्ये ‘अ‍ॅकिलीस’ ही क्रूझर भारताने घेतली आणि तिचे नाव ‘आयएनएस दिल्ली’ झाले. ही नौका १९३९ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’शी झुंजली होती. पाठोपाठ १९४९ मध्ये ‘राजपूत’, ‘राणा’ आणि ‘रणजित’ या तीन विनाशिका आल्या. १९५७ मध्ये ‘नायजेरिया’ ही क्रूझर ‘आयएनएस मैसूर’ म्हणून दाखल झाली. त्याच वर्षी भारताने ‘हर्क्युलिस’ ही विमानवाहू नौका विकत घेतली. तिचे जलावतरण १९४५ मध्ये झाले होते, पण युद्ध संपताच काम अर्धवट टाकून देण्यात आले होते. बेलफास्टच्या गोदीत ते पूर्ण झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘आयएनएस विक्रान्त’ झाली.

या नौकांनी नौदलाच्या एका पिढीला घडविले. समुद्रात ताफा कसा हाकावा, तोफखाना कसा चालवावा, नौकेवर विमान कसे उतरवावे आणि यंत्रे बिघडली तर बंदरापासून दूर असताना ती कशी दुरुस्त करावी, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. त्यासाठी हाताखाली नौका असावी लागते. जुनी नौका वेळ विकत देते ती या अर्थाने.

१९७१ ची कसोटी

हा वेळ फुकट मिळत नाही. १९६५ चे युद्ध झाले तेव्हा ‘विक्रान्त’ दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि तिला युद्धात भागच घेता आला नाही. १९७१ मध्ये युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते.

वाफेवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेसाठी ही किरकोळ बाब नसते. वाफच तिचे पंखे फिरवते आणि वाफच विमानाला धावपट्टीवरून झेप देणारे कॅटापल्ट चालवते. शिवाय विमानाचे उड्डाण सुरक्षित व्हावे म्हणून नौकेला वाऱ्याच्या दिशेने वेगात धावावे लागते. वेग घटला की जड विमानाचे उड्डाण धोक्याचे होते. तरीही नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा यांच्या कारकीर्दीत ही नौका बंगालच्या उपसागरात पाठविण्याचा निर्णय झाला. ४ डिसेंबरपासून तिच्यावरील सी-हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार व चितगावच्या बंदरांवर हल्ले चढविले आणि पूर्व पाकिस्तानची समुद्राकडील वाट बंद होण्यास मोठा हातभार लावला.

पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ‘विक्रान्त’च्याच शोधात विशाखापट्टणमपर्यंत आली होती. ती मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’. १९६४ मध्ये ती पाकिस्तानला देण्यात आली होती. तिला चकविण्यासाठी भारताने पुढे केली होती ती विनाशिका ‘राजपूत’, म्हणजे महायुद्धकाळातली ब्रिटिश नौका. डिसेंबरच्या त्या रात्री ‘गाझी’ सर्व खलाशांसह बुडाली. ‘राजपूत’च्या हल्ल्यामुळे ती बुडाली असे भारत सांगतो, तर अपघाती स्फोटामुळे असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. काहीही असले तरी त्या युद्धातील या निर्णायक प्रसंगात समोरासमोर आलेल्या तिन्ही नौका इतर देशांकडून घेतलेल्या होत्या.

गिलावा काढल्यावर कळणारी किंमत

जुन्या नौकेचा व्यवहार फसतो कुठे, हे डोंबिवली किंवा ठाण्याच्या रहिवाशांना सहज उमजेल. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज बाहेरून पाहून काढला जातो. गिलावा काढला की आतल्या सळया किती गंजल्या आहेत ते दिसते, आणि तोपर्यंत सोसायटी ठेकेदाराच्या हातात गेलेली असते.

‘अ‍ॅडमिरल गोर्श्कोव्ह’ या रशियन नौकेच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९८७ मध्ये सेवेत आलेली ही नौका १९९६ मध्ये निवृत्त झाली होती. जानेवारी २००४ च्या करारानुसार नौकेचा सांगाडा भारताला विनामूल्य मिळणार होता आणि तिच्या रूपांतराचा खर्च ९७ कोटी ४० लाख डॉलर ठरला होता. पुढील भागातील क्षेपणास्त्रे काढून तेथे लढाऊ विमानांसाठी उतरती-चढती धावपट्टी करायची होती. नौका उघडल्यावर मात्र बदलाव्या लागणाऱ्या केबल, नळ आणि यंत्रांची यादी लांबतच गेली. नौका २००८ मध्ये मिळायची होती. २०१० मध्ये सुधारित किंमत सुमारे २३५ कोटी डॉलरवर पोहोचली. २०१२ च्या सागरी चाचण्यांत बॉयलरच्या उष्णतारोधक विटांनी दगा दिला. अखेर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ती ‘आयएनएस विक्रमादित्य’ म्हणून नौदलात आली. आयुष्य मर्यादित असलेल्या जुन्या नौकेसाठी नव्या नौकेपेक्षा अधिक पैसे मोजले जात आहेत, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००९ मध्येच ठेवला होता.

मात्र या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. ब्रिटनची ‘हर्मीस’ ही नौका भारताने १९८७ मध्ये ‘आयएनएस विराट’ म्हणून दाखल केली, तेव्हा ती फॉकलंडच्या युद्धातून तावून-सुलाखून निघालेली होती. भारताकडे तिने ३० वर्षे सेवा केली. २०१७ मध्ये ती निवृत्त होईपर्यंत ‘विक्रमादित्य’ आलेली नसती, तर नौदलाकडे एकही विमानवाहू नौका उरली नसती. उशीर आणि वाढीव खर्च यांच्या दुसऱ्या पारड्यात हेही टाकावे लागते.

सहा जणांचे प्राण

पैशांपेक्षा मोठी किंमतही कधीकधी द्यावी लागते. अमेरिकेची ‘ट्रेंटन’ ही सुमारे १७ हजार टनांची नौका भारताने अवघ्या ४ कोटी ८४ लाख डॉलरांत घेतली. १९७१ मध्ये अमेरिकी नौदलात आलेली ही नौका जून २००७ मध्ये ‘आयएनएस जलाश्व’ झाली. सैन्य, रणगाडे आणि मदतसाहित्य वाहून नेण्याची एवढी क्षमता भारताकडे त्यापूर्वी नव्हती. किमतीच्या मानाने हा सौदा उत्तमच होता.

फेब्रुवारी २००८ मध्ये, दाखल झाल्यावर वर्षही उलटले नसताना, बंगालच्या उपसागरात या नौकेवर विषारी हायड्रोजन सल्फाइड वायूची गळती झाली आणि सहा नौसैनिकांचा मृत्यू झाला. परक्या नौकेचा कानाकोपरा अंगवळणी पडायला वर्षे लागतात. जुन्या टाक्या, जुन्या वाहिन्या आणि नवखे हात एकत्र आले की धोका वाढतो, हे नौदलांच्या इतिहासात वारंवार दिसले आहे. हीच ‘जलाश्व’ मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मालदीवमध्ये अडकलेल्या सुमारे ७०० भारतीयांना घेऊन कोचीला आली. तिचा हिशेब मांडताना या दोन्ही नोंदी एकाच वहीत कराव्या लागतात.

गंजाशी लढाई

खारे पाणी हा जुन्या नौकेचा मोठा शत्रू. पोलादाला गंज चढतो, नळ झिजतात, पंख्यांना शेवाळ व शिंपल्यांची पुटे चढतात. मूळ उत्पादकांनी सुटे भाग बनविणे बंद केलेले असते. मग एका नौकेचे अवयव काढून दुसरी चालती ठेवावी लागते. नौका जितकी जुनी तितके खलाशीही अधिक लागतात आणि इंधनही जास्त जळते. म्हणून खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. तिला उरलेल्या आयुष्यात पोसण्याचा खर्च त्याहून किती तरी मोठा होऊ शकतो.

या लढाईचे एक ठाणे कल्याणपासून दूर नाही. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा अंबरनाथ येथे आहे. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत एक लहान रासायनिक व धातुशास्त्रीय प्रयोगशाळा म्हणून तिची सुरुवात झाली. म्हणजे जुन्या ब्रिटिश नौका ताफ्यात येत होत्या, त्याच काळात. गंजरोधक लेप, रबर, धातू या विषयांवर काम करत आलेल्या या प्रयोगशाळेने पाणबुड्यांना अधिक काळ पाण्याखाली राहता यावे यासाठी इंधन-घटावर आधारित प्रणाली विकसित केली असून, तिच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी २०२१ मध्ये झाली.

जुन्या नौकांची डागडुजी करता करताच देशात हे ज्ञान साठत गेले. १९६० मध्ये सरकारने माझगाव डॉक ताब्यात घेतले. तेथे ब्रिटिश आराखड्यावर बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये, तर भारतीय आराखड्याची ‘गोदावरी’ १९८३ मध्ये नौदलात आली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीच्या गोदीत बांधलेली नवी ‘विक्रान्त’ दाखल झाली. तिच्यात ७६ टक्के स्वदेशी वाटा असल्याचे सांगण्यात आले. याही नौकेला ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला. पण त्या उशिरात जे शिकले गेले, ते देशातच राहिले. त्याच दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. त्यावरील अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

घेणारा झाला देणारा

आज भारत स्वतःच आपल्या जुन्या नौका इतर देशांना देतो. ‘सरयू’ ही गस्ती नौका २००० मध्ये श्रीलंकेला, ‘तिलांचांग’ २००६ मध्ये मालदीवला गेली. जुलै २०२३ मध्ये देशातच बांधलेली ‘कृपाण’ ही क्षेपणास्त्रसज्ज नौका व्हिएतनामला भेट देण्यात आली. जुनी नौका देण्यात मैत्री असते आणि हिशेबही असतो. नौकेबरोबर प्रशिक्षण, सुटे भाग आणि दुरुस्ती यांचे नाते जोडले जाते, आणि ते दीर्घकाळ टिकते. १९४८ मध्ये ब्रिटनने भारताशी जोडलेले नाते असेच होते.

घेणाऱ्यांचे अनुभव मात्र वेगवेगळे आहेत. १९९० च्या दशकात इंडोनेशियाने एकीकरणानंतर जर्मनीला नकोशा झालेल्या पूर्व जर्मनीच्या ३९ नौका घेतल्या आणि त्यांच्या डागडुजीचा खर्च मूळ किमतीच्या कित्येक पटींनी वाढला. फिलिपिन्सने २०११ पासून अमेरिकी तटरक्षक दलाच्या जुन्या नौका घेतल्या, त्यांवर माणसे तयार केली आणि २०२० मध्ये दक्षिण कोरियाकडून नवी फ्रिगेट आणली. जुन्या नौकेला मुक्कामाऐवजी मधला टप्पा मानणाऱ्यांनाच हा मार्ग मानवतो.

दुर्गाडीजवळची ‘टी-८०’ याच टप्प्याची खूण आहे. ती स्वतः इस्रायलमध्ये बांधली गेली, पण तिच्या मागोमाग १९९९ मध्ये आलेली ‘टी-८१’ गोवा शिपयार्डमध्ये, त्याच इस्रायली कंपनीच्या सहकार्याने तयार झाली. निवृत्तीनंतरचे जिणे मात्र प्रत्येक नौकेच्या नशिबी नसते. मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवलेली जुनी ‘विक्रान्त’ अखेर २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली आणि दारूखान्यात मोडली गेली. ‘विराट’ २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली. एवढ्या अवाढव्य नौकांचे जतन कोणत्याही शहराला जड जाते. सुमारे ६० टनांच्या ‘टी-८०’चे जतन मात्र कल्याणला पेलण्यासारखे आहे. त्यासाठी गंजाशी रोज थोडी थोडी लढाई द्यावी लागेल. ज्या खाडीत मराठी आरमाराची पहिली गलबते बांधली गेली, तिच्या काठावरील शहराने ती द्यायला हवी.