लसीच्या फ्रिजचा रात्रीचा निरोप

बाळाला डोस द्यायला नेतो तेव्हा आपण काय विचारतो? ताप येईल का, पुढची तारीख कधी, फार तर सुई नवी आहे ना! पण ही लस ज्या फ्रिजमधून आली, तो काल रात्री दोन वाजता किती गार होता, असं काही आपल्या मनातही येत नाही. महिला मंडळाच्या कामामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात माझं येणं-जाणं असतं, म्हणून मला ते कळलं.

तिथला फ्रिज आपल्या घरातल्यासारखा नसतो. पेटीसारखा, वरून उघडणारा. गार हवा जड असते, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती आतच राहते. आपल्या फ्रिजचं दार उघडलं की पायाला गारवा लागतो, ती गेलेली थंडीच. शिवाय याच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, म्हणून दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो तग धरतो. लस ठेवायची २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये.

उन्हाने लस खराब होते हे आपल्याला पटतं. पोलिओच्या डोसाला उष्णता अजिबात सोसत नाही. बाटलीवरच्या वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. ऊब लागत गेली की तो गडद होतो. वर्तुळाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. ही खूण कुणालाही वाचता येते. पण जास्त थंडीनेही लस वाया जाते, हे किती जणींना माहीत आहे? कावीळ ‘ब’ची लस, पेंटा, धनुर्वाताची लस या गोठल्या की संपल्या. दही बर्फात गोठून वितळलं की पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो ना, तसंच काहीसं आत होतं. आणि तो चौकोन? तो फिकटच राहतो! थंडी त्याला कळत नाही. टोचलं जातं, बाळ रडतं, कार्डावर तारीख पडते आणि संरक्षण मात्र हवं तसं मिळत नाही. मला तर उन्हाळ्यापेक्षा डिसेंबरच्या रात्रीची जास्त धास्ती वाटते.

पूर्वी सगळी भिस्त वहीवर होती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा थर्मामीटर बघून आकडा लिहायचा, रविवारीसुद्धा. मधल्या रात्रीचं काय? सिस्टरना बोल लावण्यात अर्थ नाही. बाळंतपणं, सर्वेक्षण, बैठका सांभाळून रात्रभर फ्रिजपाशी कोण बसणार?

केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने २०१५ पासून ‘ई-विन’ ही व्यवस्था आणली, ती यासाठीच. फ्रिजमध्ये एक छोटा सेन्सर आणि बाहेर सिमकार्ड असलेलं यंत्र. दर दहा मिनिटांनी तापमान टिपायचं आणि तासातासाला ते मोबाइलच्या नेटवर्कवरून मुख्य संगणकाला कळवायचं. आकडा मर्यादेबाहेर गेला की यंत्र वाजतं आणि जबाबदार माणसांना एसएमएस जातो. कोविडच्या लसीकरणाचं ‘को-विन’ याच पायावर उभं राहिलं.

पण निरोप आला म्हणजे काम झालं का? एका केंद्रातली गोष्ट सांगते. पावसाळ्यात वीज गेली आणि रात्री औषधनिर्मात्यांच्या फोनवर मेसेज आला. ते राहतात तालुक्याला, मध्ये ओढा भरलेला. त्यांनी केंद्राशेजारी राहणाऱ्या शिपाईमामांना उठवलं, ‘झाकण उघडू नका, आधी जनरेटर लावा’ असं सांगितलं. जनरेटरमध्ये डिझेल होतं, म्हणून निभावलं. ते नसतं तर बर्फाच्या पिशव्या लावून सगळ्या बाटल्या शीतपेटीत हलवाव्या लागल्या असत्या. त्या पिशव्याही थेट डीप फ्रीझरमधून काढून लावायच्या नाहीत, घाम फुटून आत पाणी डुचमळेपर्यंत थांबायचं. नाहीतर लस वाचवता वाचवता तीच गोठायची! एवढं सगळं त्या मेसेजनंतर माणसानेच करायचं असतं.

दुसरीकडे काय होतं, तर माणसाची बदली होते आणि नंबर जुनाच राहतो. फ्रिज आपला बिचारा दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणालातरी उठवत बसतो. म्हणून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आशाताईंना किंवा सिस्टरना गोडीत दोन गोष्टी विचारा. रात्रीचा मेसेज कुणाच्या फोनवर येतो? आणि ते नसले तर दुसरा नंबर कुणाचा? आपल्या गावातून ग्रामसभेत विचारलं तर जनरेटरच्या डिझेलचाही विषय निघतो.

खासगी दवाखान्यात पैसे मोजून लस घेत असाल तर तिथेही बघा. साध्या घरगुती फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात, कुणाच्या डब्याशेजारी बाटल्या ठेवल्या असतील तर ‘डॉक्टर, आत थर्मामीटर आहे का?’ असं सरळ विचारा.