एकच जहाज, दोन सफरी आणि मधेच बदललेली केबिन : 'बॅक-टू-बॅक' क्रूझमध्ये सामानाचं आणि माणसांचं नेमकं काय होतं?

धाकटी डहाणूत मासेमारी बोट खाडीत परत आली की खलाशांना टेकायला वेळ नसतो. मासळी उतरवायची, बर्फ भरायचा, डिझेल, पाणी, तांदूळ-मसाला चढवायचा, जाळी नीट करायची आणि भरतीची वेळ साधून पुन्हा बाहेर पडायचं. दोन फेऱ्यांमधला हा वेळ जितका लांबेल तितकं तांडेलाचं नुकसान. पण एवढ्या गडबडीत खलाशाला आपली पथारी हलवावी लागत नाही. बोट तीच, जागा तीच.

आता हेच गणित 11 डेकच्या जहाजाला लावून बघा. आठशेच्या आसपास केबिन, दीडेक हजार प्रवासी. सकाळी हे सगळे उतरणार आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तितकेच नवे लोक चढून जहाज पुन्हा निघणार. या गर्दीत दहा-वीस जण असे असतात जे उतरतच नाहीत, कारण त्यांनी त्याच जहाजाची पुढची सफरही बुक केलेली असते. क्रूझच्या भाषेत यालाच 'बॅक-टू-बॅक' म्हणतात. त्यातल्या काहींची केबिन मात्र दुसऱ्या सफरीत वेगळी असते आणि खरी धावपळ तिथून सुरू होते.

हा विषय आता फक्त अमेरिका-युरोपचा राहिलेला नाही. 18 सप्टेंबर 2021 ला कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून पहिल्यांदा निघालं. हे जहाज 1990 सालचं. तेव्हा ते रॉयल कॅरिबियन कंपनीचं होतं आणि नाव होतं 'नॉर्डिक एम्प्रेस'. मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप, मुंबई-कोची अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरी त्यावर सुरू झाल्या. 20 सप्टेंबर 2025 ला मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. सफरी इतक्या छोट्या असल्या की दोन जोडून घ्यायचा मोह होणारच. वीकएंडला गोवा आणि लगेच लक्षद्वीप.

समजा, धाकटी डहाणूच्या एखाद्या कुटुंबाने असंच केलं. पहिली सफर संपल्यावर घरी जाऊन यावं म्हटलं तर चर्चगेट ते डहाणू रोड लोकलने अडीच-तीन तास, पुढे रिक्षा, आणि परत तेवढंच. म्हणजे दिवस ट्रेनमध्येच गेला. त्यापेक्षा जहाजावर थांबलेलं बरं. पण थांबायचं कुठे? जुन्या केबिनमध्ये नाही, कारण ती दुपारपर्यंत दुसऱ्याची झालेली असते.

सलग सफर आहे, मग केबिन बदलतेच का?

कारण जहाजाला तुमची सलग सुट्टी दिसत नाही. त्याला दोन वेगळ्या सफरी दिसतात. प्रत्येक सफरीची केबिनविक्री स्वतंत्र असते, बुकिंग नंबर वेगळा, बिल वेगळं. पहिल्या सफरीत 5 नंबरच्या डेकवरची केबिन तुम्हाला मिळाली, पण पुढच्या सफरीत तीच केबिन कुणीतरी तीन महिने आधीच घेऊन ठेवलेली असू शकते. रेल्वेचं उदाहरण सोपं आहे. डहाणूहून सुरतपर्यंत एक तिकीट आणि सुरतहून पुढे त्याच गाडीचं दुसरं तिकीट काढलं, तर बर्थ बदलणारच. टीसीला विनंती करून काही जमलं तर नशीब.

आणखी दोन कारणं असतात आणि ती बहुतेक वेळा प्रवाशाने स्वतःच ओढवून घेतलेली असतात. पहिलं म्हणजे 'गॅरंटी' बुकिंग. यात तुम्ही फक्त प्रकार निवडता, म्हणजे आतली, खिडकीची किंवा बाल्कनीची केबिन, आणि नंबर कंपनी नंतर ठरवते. भाडं थोडं कमी पडतं. पण दोन्ही सफरींना गॅरंटी घेतली तर दोन्ही वेळा एकच नंबर येईल ही आशा सोडा. दुसरं कारण अपग्रेड. निघायच्या काही दिवस आधी 'थोडे पैसे भरा, मोठी केबिन घ्या' असा मेल येतो, माणूस खुशीत एका सफरीसाठी हो म्हणतो आणि मग लक्षात येतं की दुसऱ्या सफरीत पुन्हा छोट्या केबिनमध्ये जायचंय. मोठ्यातून छोट्यात जाणं जास्त त्रासाचं, सामान तितकंच असतं ना!

काही लोक मात्र मुद्दाम बदलतात. पहिली सफर स्वस्तातल्या आतल्या केबिनमध्ये, दुसरी खिडकीची. यात हिशोब आहे, आणि तो वाईट नाही.

बॅग बाहेर ठेवायची की नाही?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. सफर संपायच्या आदल्या रात्री बहुतेक मोठ्या जहाजांवर प्रवाशांना रंगीत किंवा नंबरचे टॅग देतात. टॅग लावलेली बॅग रात्री केबिनबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवायची, सकाळी ती टर्मिनलमध्ये मिळते. शेजारच्या सगळ्या दारांपुढे बॅगा दिसल्या की आपणही ठेवावी असं वाटतं. बॅक-टू-बॅक प्रवाशाने ती ठेवायची नाही. ठेवली तर बॅग किनाऱ्यावर जाते आणि तुम्ही वर. मग सकाळभर टर्मिनलमधल्या ढिगाऱ्यात शोधाशोध.

पद्धत साधारण अशी असते. आदल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन किंवा केबिनमध्ये आलेलं पत्र वाचून नवीन नंबर पक्का करायचा. केबिनची सफाई बघणाऱ्या स्ट्युअर्डला आधीच सांगायचं. सुटं सामान बॅगेत भरून बॅग केबिनमध्येच ठेवायची आणि त्यावर नव्या केबिनचा नंबर लिहायचा. हँगरला टांगलेले कपडे अनेक जहाजांवर काढावेही लागत नाहीत, चाकांच्या स्टँडवर ते तसेच्या तसे नव्या कपाटात जातात. साड्या, ब्लेझर नेणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल.

साधारण आठ-नऊ वाजता जुनी केबिन सोडायची असते आणि नवी दुपारी एकच्या सुमारास तयार होते. मधले चार-पाच तास तुमचं सामान तुमच्या हातात नसतं. म्हणून पासपोर्ट किंवा आधार, पैसे, दागिने, चार्जर आणि औषधं एका पिशवीत स्वतःजवळ ठेवायची. त्यात औषधं सगळ्यात महत्त्वाची. डायबेटिसची दुपारची गोळी किंवा इन्सुलिन सामानात गेलं आणि केबिन दोन वाजेपर्यंत उघडली नाही, तर बाकीच्या सगळ्या सुखसोयींना अर्थ नाही. केबिनमधल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलेलं इन्सुलिन आणि तिजोरीत ठेवलेल्या वस्तू, या दोन जागा दार लावण्यापूर्वी बघायच्याच.

जुनं कार्ड त्या दिवशी बंद होतं आणि नवं मिळतं. खात्याचंही तसंच. पहिल्या सफरीचं बिल चुकतं होतं, दुसऱ्याचं शून्यापासून सुरू होतं. वायफाय आणि पेयांचं पॅकेज पहिल्या सफरीपुरतंच घेतलं असेल तर ते त्या सकाळी संपतं. जहाजावर खर्च करायला मिळालेली सवलतीची रक्कम सहसा पुढे सरकत नाही, त्यामुळे ती आदल्या रात्रीच वापरलेली बरी.

खाली उतरावं लागतं का?

बंदरावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या बंदरांवर बॅक-टू-बॅक प्रवाशांना ठरलेल्या वेळी एका हॉलमध्ये जमवतात, 'इन ट्रान्झिट' कार्ड देतात आणि इमिग्रेशन अधिकाऱ्यांपुढे नेतात. जुने सगळे प्रवासी उतरल्याची मोजणी जुळेपर्यंत कुणालाच वर सोडत नाहीत. एक जण जरी झोपून राहिला किंवा कार्ड स्कॅन न करता कुठे रेंगाळला, तरी सगळी रांग खोळंबते. मुंबई-गोव्यासारख्या देशांतर्गत सफरीला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. तरीही दुसऱ्या सफरीचं चेक-इन वेगळं करावंच लागतं.

परदेशातून सफर घेणाऱ्यांनी व्हिसाकडे नीट बघायला हवं. जहाज सिंगापूरहून निघून मलेशियाला जाऊन सिंगापूरला परतलं की कागदोपत्री तो सिंगापूरमधला दुसरा प्रवेश असतो. दोन सफरी जोडल्या तर तिसरा. बार्सिलोनाहून तुर्कीला जाऊन परतणाऱ्या सफरीत शेंगेनचं तसंच. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर प्रवाशाला पहिल्या दिवशीच जहाजावर चढू देत नाहीत, आणि पैसेही परत मिळत नाहीत.

अमेरिकेत तर याहून विचित्र अडचण आहे. तिथे 1886 सालचा 'पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट' आजही लागू आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने प्रवाशाला एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात नेऊन सोडायचं नाही, असं हा कायदा सांगतो. मुख्य अपवाद म्हणजे वाटेत दूरचं परदेशी बंदर लागलं तर. आणि 'दूरचं' या शब्दात कॅनडा, मेक्सिको बसत नाहीत. समजा एखाद्याने लॉस एंजेलिस ते व्हँकूव्हर ही एक सफर घेतली आणि त्याच जहाजाने व्हँकूव्हर ते अलास्कातलं सुअर्ड ही दुसरी. दोन्ही सफरी वेगवेगळ्या बघितल्या तर कायदेशीर. जोडल्या की लॉस एंजेलिस ते सुअर्ड असा एकच प्रवास होतो, आणि तो बेकायदा. केबिन बदलली, बुकिंग नंबर वेगळे आहेत, मधे एक दिवस व्हँकूव्हरमध्ये फिरलो, यातलं काहीही चालत नाही. जहाज बदललं तर चालतं. दंड कंपनीला होतो, पण करारात लिहिलेलं असल्याने तो प्रवाशाकडून वसूल होऊ शकतो. बहुतेक वेळा कंपनी आधीच एक बुकिंग रद्द करायला लावते. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांसाठी हौसेने दोन सफरी जोडून द्यायच्या आणि विमानाची तिकिटं काढून झाल्यावर हे कळायचं, असं होऊ नये म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारलेलं बरं.

पुन्हा ड्रिल कशाला?

बॅक-टू-बॅक प्रवाशांची हमखास कुरकुर इथे असते. 'चार दिवसांपूर्वीच तर केलं!' आणीबाणीत कुठे जमायचं, लाइफजॅकेट कसं घालायचं, हे सांगणाऱ्या या कवायतीला 'मस्टर ड्रिल' म्हणतात.

13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून कलंडलं. 32 जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमानुसार 24 तासांत कधीही केलेलं चालायचं. त्यानंतर 'सोलास' या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारात बदल झाला आणि 1 जानेवारी 2015 पासून ड्रिल जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक झालं.

मुंबईच्या समुद्राला हे नवीन नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात आजही घराघरात तिची आठवण निघते.

केबिन बदलणाऱ्याला तर ड्रिलचं दुप्पट कारण आहे. जमण्याची जागा केबिनच्या नंबरवरून ठरते. जहाजाच्या पुढच्या भागातून मागच्या भागात गेलात, तर तुमचं मस्टर स्टेशन आणि लाइफबोट दोन्ही बदलू शकतात. अंधारात, सायरन वाजत असताना पाय सवयीने जुन्या जागेकडे वळतात. नव्या केबिनच्या दारामागे लावलेला नकाशा एकदा बघून, जिन्यापर्यंत चालत जाऊन यायला पाच मिनिटं लागतात.

जागा बदलली की समुद्रही वेगळा लागतो. जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवतात, टोकाला आणि वर गेलं की जास्त. हे धाकटी डहाणूतल्या कुठल्याही खलाशाला वेगळं सांगावं लागणार नाही. पहिल्या सफरीत काहीच त्रास झाला नाही म्हणून उलटीची गोळी टाकून देऊ नका.

आणि सामान हलवतो कोण?

तोच स्ट्युअर्ड, ज्याच्यासाठी हा आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस असतो. चार-पाच तासांत त्याला आपल्या वाट्याच्या सगळ्या केबिन रिकाम्या करून, चादरी बदलून, बाथरूम घासून नव्या लोकांसाठी तयार करायच्या असतात. कोकण-गोव्यातली कितीतरी मुलं क्रूझवर हीच नोकरी करतात, सहा ते नऊ महिन्यांच्या कंत्राटावर. भारताने 2015 मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार 24 तासांत जास्तीत जास्त 14 तास काम किंवा कमीत कमी 10 तास विश्रांती अशी मर्यादा आहे. दहा तासांची विश्रांती सलग मिळेलच असं नाही, तिचे दोन तुकडे करता येतात, फक्त एक तुकडा किमान सहा तासांचा हवा.

अशा दिवशी तुमच्या बॅगा हलवणं हे त्याचं वरचं काम असतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच सामान आवरलं, सुटे पिशवे कमी केले, तर त्याचा अर्धा तास वाचतो. त्याला काही टिप द्यायची असेल तर जुनी केबिन सोडण्यापूर्वीच द्या. दुपारी तुम्ही दुसऱ्या डेकवर असता, तिथला स्ट्युअर्ड वेगळा असतो, आणि जुना तोवर नव्या पाहुण्यांच्या बॅगा दारात लावत असतो.