कानशाळा – लेखांक ११ : शांत वर्ग मला खटकतो

आज माइकबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढं ढकलतो आहे. मेडशीकडच्या एका तांड्यावर पहिली ते चौथीचे वर्ग सांभाळणाऱ्या मॅडमचा निरोप आला आणि त्यांचा प्रश्न माइकच्या आधी घ्यायला हवा असा आहे. त्या लिहितात, "सर, तुम्ही सांगितलं तसा दहा मिनिटांचा भाग स्पीकरवर लावते. लेकरं अगदी शांत बसून ऐकतात. संपल्यावर 'काय ऐकलं?' विचारलं की सगळी गप्प. एखादी पोरगी म्हणते, गोष्ट छान होती. दुसऱ्या दिवशी तेवढंही निघत नाही. माझं काय चुकतंय?"

मॅडम, मला ते शांत बसणंच खटकतं. तपासणीला आलेल्या साहेबांना अशी शांतता आवडेल. पण दहा मिनिटांत एकही लेकरू बोललं नाही, हात हलला नाही, कोणी शेजाऱ्याला कोपराने ढोसून काही विचारलं नाही, तर त्या दहा मिनिटांत काम केलं ते फक्त स्पीकरने. शाळेतला पॉडकास्ट शिकवतो तो त्यात ठेवलेल्या थांब्यांमुळे आणि तो बंद केल्यावर जे बोलणं होतं त्यामुळे. हे मी केवळ अनुभवावरून म्हणत नाही. जवळपास सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांत ते मोजून पाहिलं गेलं आहे, आणि शिक्षणाबद्दलच्या आपल्या चर्चेत त्याचं नाव फारसं निघत नाही याचं मला वाईट वाटतं.

१९५६ चा फेब्रुवारी ते एप्रिल. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. (आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. विदर्भ मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, म्हणून आपल्या बाजूचं एकही गाव त्यात नाही.) प्रत्येक गावात बारा ते वीस जणांचा गट, एक रेडिओ आणि चर्चा चालवणारा एक माणूस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. न सुटलेले प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे, त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. शेतकऱ्यांचे असे रेडिओगट कॅनडात १९४१ पासून चालत होते, मूळ कल्पना तिकडची.

या प्रयोगाचं मोजमाप केलं मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने, पॉल नॉयराथ यांच्या देखरेखीखाली. त्यांनी फक्त गट असलेली गावं तपासली नाहीत. रेडिओ आहे पण गट नाही अशी काही गावं घेतली, आणि रेडिओच नाही अशीही काही घेतली. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून कोणाला काय माहीत आहे ते पाहिलं. गट असलेल्या गावांत माहिती चांगलीच वाढली होती. जिथं रेडिओ नव्हता तिथं जवळपास काहीच बदललं नव्हतं, ते कोणीही सांगितलं असतं. पण जिथं रेडिओ होता आणि गट नव्हता, तिथली वाढही अगदी थोडी निघाली. रेडिओवर तोच आवाज होता, तीच मराठी होती. फरक पडला तो रेडिओ बंद झाल्यावर लोक बोलायला बसले म्हणून.

नॉयराथ यांच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. त्यांचे वडील ओटो नॉयराथ व्हिएन्नाचे. आकडेवारी साध्या माणसालाही कळावी म्हणून छोट्या छोट्या चित्रांच्या रांगांनी ती मांडायची, मोठी संख्या दाखवायला चित्र मोठं काढायचं नाही, तेच चित्र पुन्हा पुन्हा काढायचं, ही शिस्त त्यांनी घालून दिली. गणिताच्या पुस्तकात आपली मुलं चित्रालेख काढतात त्यामागे हाच नियम आहे. त्यांचा मुलगा पॉल १९३८-३९ मध्ये नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत होता. तिथून सुटून अमेरिकेत गेला, समाजशास्त्रज्ञ झाला आणि पुढं भारतात आला. वडिलांनी डोळ्यांनी शिकण्याची पद्धत बसवली, मुलाने कानांनी शिकणं मोजलं, आणि ते मोजलं मराठी खेड्यांत. मला या बापलेकांबद्दल फार आदर आहे.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आवाजाची आठवण सगळ्यांना झाली. आकाशवाणी नागपूरवरून 'प्रथम'च्या साथीने 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळला दिगंत स्वराज फाउंडेशनने आधी रेकॉर्ड केलेले धडे लाउडस्पीकरवर ऐकवायला सुरुवात केली आणि त्याला 'बोलकी शाळा' असं नाव दिलं. वर्तमानपत्रांत फोटो आले ते स्पीकरचे. मी त्या फोटोंत स्पीकर घेऊन वस्तीत गेलेली माणसं शोधत होतो, कारण आवाज स्पीकरचा असला तरी शाळा त्या माणसांमुळे भरते.

आता तुमचं म्हणणं असेल की १९५६ च्या त्या गटांतले शेतकरी मोठी माणसं, बोला म्हटलं की बोलतात, सहा वर्षांच्या लेकराचं काय? त्याचं उत्तर मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात मिळालं. १९७४ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी तिथल्या मासाया भागात रेडिओवरून प्राथमिक शाळेचं गणित शिकवलं. तिथं बोलणं कार्यक्रम संपेपर्यंत राखून ठेवलं नव्हतं, ते कार्यक्रमाच्या आतच घातलं होतं. आवाज प्रश्न विचारतो आणि गप्प होतो. त्या गप्प जागेत सगळा वर्ग मोठ्याने उत्तर देतो, किंवा उभा राहतो, किंवा खडे मोजतो. मग आवाज बरोबर उत्तर सांगतो आणि पुढं सरकतो. एका धड्यात असे कितीतरी थांबे. चाचण्यांत ही मुलं रेडिओशिवाय शिकणाऱ्या वर्गांच्या बरीच पुढं निघाली. पुढं केनियात याच घडणीवर इंग्रजीचे धडे झाले, आणि आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने मराठी शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' केलं तेही याच जातीचं.

रेडिओला एक अडचण होती. थांबा किती लांब ठेवायचा हे स्टुडिओत बसून आधीच ठरवावं लागायचं. वर्ग मागे राहिला तरी रेडिओ पुढं जाणारच. तुमच्या फोनवरचा पॉडकास्ट मात्र तुमच्या अंगठ्याखाली आहे. निकाराग्वाच्या शिक्षकाकडे नसलेली ही सोय तुमच्याकडे असताना ती न वापरता दहा मिनिटं सलग लावून देणं मला पटत नाही.

थांबा किती सेकंदांचा असावा? मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी विज्ञानाच्या वर्गांची रेकॉर्डिंग घेऊन हे तपासलं आणि १९७० च्या दशकात प्रसिद्ध केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद वाट पाहतात, मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हीच वाट तीन सेकंदांच्या पुढं नेली की मुलांची उत्तरं कितीतरी लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. घड्याळ समोर ठेवून तीन सेकंद गप्प बसून बघा. रेकॉर्डिंग करताना ती शांतता फार जड जाते आणि जीभ आपोआप पुढच्या वाक्याकडे धावते.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. ऑडॅसिटीमध्ये 'ट्रंकेट सायलेन्स' म्हणून एक सोय आहे. ती फाइलमधल्या शांत जागा शोधून आखूड करते. मोठ्यांच्या मुलाखतीसाठी ती ठीक आहे, पण शाळेच्या फाइलवर चालवली तर तुमचे सगळे थांबे कापले जातील. ऐकायच्या काही ॲपमध्येही शांतता गाळायची अशी सेटिंग असते, ती बंद आहे का ते पाहून घ्या. आणि थांब्याच्या जागी अगदी हळू टाळ किंवा घुंगरू वाजू द्या. पूर्ण शांतता झाली की मुलांना वाटतं स्पीकरची बॅटरी गेली, आणि सगळे माना वळवून स्पीकरकडे बघू लागतात.

थांबे कसे घालायचे याचा एक नमुना देतो. आपल्या वऱ्हाडातल्या मालेगाव तालुक्यात खरिपात सोयाबीन बघायला लांब जावं लागत नाही. फुलावर आलेलं एकेक झाड मुलांनी आणायचं. खुरप्याने मातीसकट उकरून काढा, नुसतं उपटलं तर गाठी जमिनीतच राहतात. मग फाइल लावायची.

"झाड हातात घ्या. मुळं खाली. माती हळूच झटका." (दहा सेकंद टाळ.)

"डोळे मिटा. मुळांवर बोटं फिरवा. हाताला काय लागतंय?" (पाच सेकंद. वर्ग बोलतो.)

"तुमच्या झाडाला गाठी किती? शेजारच्याच्या झाडाला किती? मोजा." (इथं फाइल बंद. सगळ्यांचं मोजून झालं की पुन्हा सुरू.)

"आता मोठी गाठ निवडा आणि नखाने फोडा. आत रंग कोणता?" (पाच सेकंद.)

आत गुलाबी, लालसर रंग निघाला तर ती गाठ कामाला लागलेली आहे. तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती अजून कामाला लागलेली नाही किंवा तिचं काम संपलेलं आहे. हे सांगायला आवाजाला एक मिनिट पुरतं, पण ते नख लावून झाल्यावर सांगायचं, आधी नाही. व्हिडिओत हीच गाठ पडदाभर मोठी दाखवता येते, आणि मग डोळे पडद्याला चिकटतात. आवाज डोळे आणि हात दोन्ही मोकळे ठेवतो. शेतीच्या गावातल्या शाळेला हे फार मोठं देणं आहे असं मी मानतो.

तुमच्या तांड्यावर आणखी एक पेच आहे, आणि मला वाटतं तुमच्या वर्गाच्या गप्प राहण्याचं निम्मं कारण तिथं आहे. लेकरं घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. गोष्ट मराठीत ऐकतात, बऱ्यापैकी समजते, चेहऱ्यावर दिसतं. पण "काय ऐकलं?" याचं उत्तर मराठीतच द्यायचं असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. तीन सेकंद काय, तीस सेकंद दिले तरी ते शब्द जुळवण्यात जातात. म्हणून गोष्ट मराठीतच राहू द्या, पण थांब्यातला प्रश्न गोरमाटीत विचारा आणि उत्तरही गोरमाटीत येऊ द्या. तुम्हाला ती बोली येत नसेल तर तांड्यावरच्या सातवी-आठवीतल्या मुलीकडून फोनवर तेवढे चार प्रश्न रेकॉर्ड करून घ्या. लिहिण्याचा प्रश्नच येत नाही, कुठल्या लिपीत, कसं शुद्धलेखन, काही अडत नाही. छापील पुस्तकाला जे अवघड ते आवाजाला इतकं सोपं आहे. उत्तर आलं की फाइलमधला आवाज तेच मराठीत एकदा म्हणतो, आणि लेकरांच्या कानावर ते वाक्य अगदी हवं त्या क्षणी पडतं.

तांड्याबाहेरच्या गावांतही हेच. लेकरू "मले मालूम हाये" म्हणत उठलं आणि आपण "नीट बोल" म्हटलं की ते बसतं, आणि त्याच्यासोबत आणखी चार जण बसतात. थांब्यात आलेल्या उत्तराची भाषा दुरुस्त करू नका, उत्तर ऐका. यावर काही शिक्षक मित्र म्हणतात की अशाने मराठी कच्ची राहील. मला तसं वाटत नाही. पहिली-दुसरीत आधी तोंड उघडायला हवं. जे मूल वर्गात बोलतच नाही त्याची मराठी पक्की होणार कशी?

मॅडम, तुम्ही पुन्हा रेकॉर्डिंग करत बसू नका. आहे तीच फाइल घरी एकदा एकट्याने ऐका आणि कागदावर दोनच जागा लिहून ठेवा, कितवं मिनिट, कितवा सेकंद. अशा जागा निवडा जिथं पुढं काय होणार हे मुलांना माहीत नाही. वर्गात तिथं फाइल थांबवा आणि विचारा, "आता काय होईल?" "काय ऐकलं?" हा प्रश्न परीक्षेसारखा आहे, त्याला एकच बरोबर उत्तर असतं आणि ते तुमच्याकडे आधीच असतं. "काय होईल?" याचं उत्तर कोणाकडेच नसतं, म्हणून सगळे बोलतात. पहिल्या दिवशी दोघंच बोलतील, चालेल.

वेळेचा हिशेब मात्र बदलावा लागेल. थांबे आणि बोलणं धरून दहा मिनिटांची फाइल पंचवीस मिनिटांच्या खाली उरकत नाही. तास संपायच्या घाईत शेवटचं बोलणंच गळतं, म्हणून लहान वर्गांसाठी सहा मिनिटांच्या वर जाऊ नका, उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी. शेवटी मुलांचे जे प्रश्न उरतील ते त्यांच्याच आवाजात फोनवर घेऊन ठेवा. पुढच्या भागाची सुरुवात त्या आवाजाने करा, नाव घेऊन, "हा प्रश्न अमुकने विचारला होता" असं सांगून, आणि मग त्याचं उत्तर द्या. ज्याचा आवाज स्पीकरमधून वर्गाला ऐकू आला, ते मूल पुढच्या वेळी प्रश्न तयार ठेवूनच बसतं.