तबकडीवरचा अमरावतीकर

कोलकात्याजवळ दमदमला तयार होणाऱ्या ‘एचएमव्ही’च्या ७८ आरपीएम तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत संपे. लाँग-प्ले (एलपी) तबकडीने ती वीसेक मिनिटांवर नेली आणि या जुन्या कंपनीचा मराठी भावगीतांतला उत्तरकाळ रंगला. त्यात अमरावतीचे कवी सुरेश भट (१९३२–२००३) आणि संगीतकार हृदयनाथ मंगेशकर ही जोडी जमली. भटांचा शब्द थेट, वऱ्हाडी माणसासारखा. चाल मात्र अवघड वळणांची, आणि गायला लता-आशा! ‘सिंहासन’ (१९७९), ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांनी या जोडीला घरोघरी पोचवलं. मग कॅसेटने तबकडी मोडीत काढली. अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावच्या भीमराव पांचाळेंनी भटांची गझल मैफिलीत रुजवली. एकेक शेर घोळवत, दाद घेत. २००० साली ‘एचएमव्ही’च्या कंपनीची ‘सारेगामा’ झाली.