कुरणात भरणारी शाळा

गुरं राखणारं पोर शाळेत आलं, तर गुरांमागे कोण जाणार? डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी या अडचणीवर सरळ तोड काढली. गुरं चरतात तिथे शिक्षकानंच जायचं. या शाळेचं नाव कुरणशाळा.

ताराबाई तोवर बालशिक्षणातलं मोठं नाव होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी मॉन्टेसरी पद्धत इथल्या मातीत रुजवायचा खटाटोप केला होता, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता. पण या पद्धतीची बालमंदिरं बहुतेक शहरातल्या खात्यापित्या घरांची. ती खेड्यात न्यायची म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी याच मुलखात वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उठली होती. कुणाची पोरं शिकवायची आहेत, हे त्या उठावाकडे पाहिलं की कळतं.

बोर्डीत ताराबाईंना साथ मिळाली अनुताईंची. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या या बाईनं शिकून शिक्षकीपेशा धरला होता. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन भरवली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथलं. १९७५ साली सरकारी योजना आली, अंगणवाडीला पुढे खोली मिळाली, खाऊ मिळाला, रजिस्टरं तर ढीगभर मिळाली. अंगण तेवढं राहून गेलं.

१९५०च्या दशकात काम कोसबाडला हललं आणि तिथे खरी कसोटी लागली. वारली घरातली सात-आठ वर्षांची मुलगी म्हणजे धाकट्या भावंडाची आईच. आईबाप कामावर गेले की मूल तिच्या कडेवर. तिला पहिलीत बसवायचं तर त्या कडेवरच्या बाळाची सोय आधी लावायला हवी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले गेले, ही विकासवाडी. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली पहिलीत. ज्यांना दिवसा काम सुटत नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

समतोल अभ्यासक्रम म्हटलं की आपण तासांची वाटणी करतो: भाषेला इतके, गणिताला इतके, उरले तर चित्रकलेला. कोसबाडला तोल साधायचा होता तो मुलाचा दिवस आणि शाळेचा दिवस यांत. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून खडे, बिया, पानं, शंखशिंपले, माती, बांबू वापरात आले. पैसा वाचला हे खरंच, पण त्याहून मोठा फायदा वेगळा होता. झाडं, गवत, पाखरं यांबाबत या मुलांना गुरुजींपेक्षा जास्त कळे, आणि परिसर हाच धडा झाल्यावर ते ज्ञान वर्गात मोजलं जाऊ लागलं.

शाळेचा पहिला पाठ मात्र आंघोळीचा असे: नखं, केस, स्वच्छ अंग. खरजेनं हैराण मुलांसाठी ते गरजेचंच होतं. तरीही हे वाचताना मी जरा अडखळतो. जिथे पिण्याचं पाणीही लांबून आणावं लागतं, तिथे अस्वच्छतेचा दोष सवयीचा किती आणि पाण्याचा किती? घरातली वारली बोली आणि पुस्तकातली मराठी यांतलं अंतरही या भागातल्या शाळांना अजून पुरतं ओलांडता आलेलं नाही.

कुरणशाळेची नक्कल सरकारला जमली नाही, यात नवल नाही. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले. कळपामागे फिरणाऱ्या गुरुजीचे तास कोणत्या वहीत मांडायचे? तपासणीला साहेब आले तर शाळा दाखवायची कुठली?

प्रश्न मात्र संपला नाही, त्यानं जागा बदलली. दिवाळीनंतर पालघर-ठाण्यातली आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि शाळेचं अर्धं वर्ष त्यातच निघून जातं. विधायक संसद या संस्थेनं याच भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे तिथल्या मजुरांची झोपडी. या शाळांनाही वेळापत्रक ठरवायला आधी भट्टीचं काम किती वाजता सुरू होतं ते विचारावं लागे.