प्रयोग ऑपेरा हाऊसला

सकाळी ८. टेम्पोवाल्याला नुसतं ‘ऑपेरा हाऊस’ सांगून भागत नाही. आख्खा परिसरच त्या नावाचा; तो भलत्याच नाक्यावर थांबून फोन करतो. थिएटर १९९३पासून २०१६पर्यंत बंद होतं, पण कंडक्टर नि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी नाव चालूच राहिलं.

साडेआठ. हिरेबाजारातली वर्दळ वाढायच्या आत फ्लॅट उतरवायचे.

१० ते १. सेट लावणं. इथे दिसेल तिथे खिळा ठोकायची सोय नाही. आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या सोनेरी नक्षीला लेव्हलचा कोपरा घासला, तर आम्हाला पुन्हा दारात कोण उभं करील? पृथ्वीराज कपूर याच वेळी इथे नाटकं करायचे. संध्याकाळ सिनेमाची, म्हणून नाटक सकाळी! खेळ संपला की स्वतः झोळी पसरून दाराशी उभे राहायचे.

२. डबे. मग शिडी, स्पॉट, डिमर. त्यात नवल काही नाही.

४. साउंडवाला येतो. त्याला मी आधी सगळे माईक बंद करायला लावतो. नट रंगमंचाच्या मध्यभागी, मी वरच्या बाल्कनीत, शेवटच्या रांगेत. “हळू बोल,” मी खुणेने सांगतो. तो अगदी पुटपुटतो, तरी वाक्याचं शेवटचं अक्षर ऐकू येतं. वरच्या स्वस्त तिकिटवाल्यालाही शब्द कळावा म्हणून छताचा पुढचा भागच तसा बांधलाय. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायले ते उगाच नाही. एवढं असून नट गालाला माईक चिकटवून येतात. सवय, दुसरं काय! निर्माता म्हणतो, “रिस्क नको.” मग चार वाजून वीस मिनिटांनी माईक पुन्हा सुरू.

साडेसहा. प्रेक्षक जागेवर बसत नाहीत. ससून घराण्याकडून आलेली झुंबरं, कवी-नाटककारांना वाहिलेला आठ भागांचा घुमट, सगळ्यांचे फोटो व्हायचे असतात. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम पुरतं झालंही नव्हतं, हे कुणीतरी बायकोला सांगत असतो. दुसरी घंटा त्यातच विरते.

७. तिसरी घंटा. नारळ विंगेत मघाशीच फुटलाय.

साडेदहा. पडदा पडला की सेट खोलायचा, रिकामा रस्ता आहे तोवर माल भरायचा. उद्या पुण्यात दुपारचा प्रयोग, जेवण टेम्पोतच.